चौल-रेवदंडा, भर पावसात: जोडफोटोंच्या नोंदी

५ जुलै, शुक्रवार

जानेवारीत काढलेले अलिबागजवळच्या रेवदंडा कोटाचे फोटो आज पुन्हा उघडले. तट, सातखणी बुरूज, चर्चच्या कमानी, नारळ-पोफळीच्या वाड्या. आभाळ निळं, सावल्या रेखीव, आणि भिंती मुक्या. दगडावर दगड बसलेला दिसतो, पण ती भिंत आत कशी भरली आहे आणि आता कुठून सुटत चालली आहे याचा काही पत्ता लागत नाही. म्हणून हे जोडफोटोंचं काम. उन्हातला फोटो जिथून काढला त्याच जागी, त्याच लेन्सने, त्याच उंचीवरून पावसात दुसरा काढायचा आणि दोन्ही शेजारी लावायचे. पाणी भिंतीत कुठे शिरतं आणि कुठून बाहेर पडतं हे पावसातच दिसणार.

तारीख ठरवताना पंचांग आणि हवामान खातं दोन्ही समोर ठेवले. तटाची समुद्राकडची बाजू वाळूवरूनच काढता येते, म्हणजे दिवसाउजेडी ओहोटी हवी. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी उधाण असणार आणि भरती ऐन दुपारी, लाटा तटाच्या पायाशी. त्याआधीच्या आठवड्यात शुद्ध सप्तमी-अष्टमी येते. सप्तमीची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी भरती, ओहोटी साडेअकराच्या सुमारास. शिवाय भांगाचे दिवस, पाणी फार चढणार नाही. १३-१४ जुलै पक्के.

भाची बरोबर येते आहे. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मोजपट्टी आणि वही तिच्याकडे. शाळेपासूनचा मित्र गाडी चालवणार आणि छत्री धरणार. छत्री धरणं हे कमी महत्त्वाचं काम आहे असा त्याचा समज आहे. तो तसाच राहू दे, नाहीतर मानधन मागेल.

संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तो भानगडीसकट घरीच ठेवतो आहे. भिंतीला टेकून, श्वास रोखून जमेल तेवढं.

१२ जुलै, शुक्रवार, रात्र (चौल)

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद, त्यामुळे रस्त्यानेच आलो. पळस्पे, पेण, वडखळ. वडखळच्या नाक्यावर नेहमीची कोंडी, तिच्यावर नेहमीसारखं मत व्यक्त झालं, पुढे पोयनाड. कार्लेखिंडीत पावसाने असा पडदा धरला की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. खिंड उतरून अलिबाग, मग आक्षी, नागाव, चौल. हा सगळा पट्टा अष्टागर. दोन्ही बाजूंना वाड्या, मध्ये एका गाडीपुरता रस्ता, आणि समोरून एसटी आली की कोणीतरी कोणाच्या तरी कुंपणात शिरायचं.

आक्षीला शिलालेखापाशी थांबायचं ठरलं होतं. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असं त्याचं साल सर्वसाधारणपणे वाचलं जातं आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. पण अंधार आणि पाऊस. ओल्या दगडावरचं कोरीव अक्षर टॉर्चच्या तिरप्या उजेडात छान उठून दिसतं, म्हणून परतीच्या वाटेसाठी राखून ठेवला.

मुक्काम एका पाखाडीत, म्हणजे गावातल्या आळीत, कौलारू घरात. काकूंनी गेल्या गेल्या गरम पाणी दिलं आणि विचारलं, "पावसान कोन येतंय फोटू काढाला?" जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. ओली मासळी विचारायची सोय नाही. जून-जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ. काकू म्हणाल्या, चिंबोऱ्या मिळाल्या तर उद्या बघू.

गाडीत एसी लावू दिला नाही. थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसली की लेन्स धुरकट होते आणि अर्धा तास वाया जातो. कॅमेरा रात्री पिशवीत न ठेवता पडवीत, कापडाखाली ठेवला आहे, म्हणजे सकाळी तो बाहेरच्या हवेइतकाच कोमट असेल. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, कॅमेऱ्यावर घालायला अंघोळीच्या टोप्या, आणि फडकी भरपूर. पावसात कॅमेऱ्याच्या आधी फडकी संपतात.

१३ जुलै, शनिवार, सकाळ (समुद्राकडचा तट)

दहाला वाळूवर उतरलो. पाणी मागे सरकत होतं, पाऊस मधूनमधून झड घालत होता. आभाळ सपाट पांढरं. असं आभाळ फोटोत घेतलं की तो भाग कोरा कागद होतो आणि भिंत काळीठिक्कर. त्यामुळे आज आभाळ शक्य तितकं कापायचं, उजेड फक्त भिंतीवर मोजायचा. एफ ८, आयएसओ ८०० ते १६००, शटर १/६० च्या आसपास. या वेगाला धारा रेघांसारख्या येतात. १/५०० केलं की त्याच धारा ठिपके होतात आणि फोटोवर मीठ सांडल्यासारखं दिसतं. आणि धारा दिसायच्या तर त्यांच्यामागे काळोख हवा. तट तो आपणहून देतो.

पहिल्याच जागेवर काम झालं. जानेवारीच्या फोटोत हा भाग एकसंध काळपट आहे. आज त्यात तीन वेगळ्या भिंती दिसल्या. खाली घडीव दगडांचे थर, पाणी वरून सरळ वाहून जातं. मध्ये ओबडधोबड डागडुजी, तिथे दगड पाणी पितो आणि गडद होतो. वर गिलाव्याचे तुकडे, ते भिजले की पिवळट. भाची वहीत थर मोजत होती आणि ओरडली, "मामा, पाणी वरून नाही येत, मधून येतंय!"

खरं होतं. पुरुषभर उंचीवर एका सांध्यातून बारीक धार बाहेर पडत होती, आणि पाऊस थांबल्यावरही थांबेना. अशा तटाची बांधणी दोन तोंडांची असते. बाहेरून आणि आतून घडीव दगड, पोटात दगडगोटे आणि चुन्याची भर. माथ्यावरचा गिलावा गेला की पाणी त्या भरीत उतरतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं. येताना चुना विरघळवून आणतं. त्या धारेच्या खाली पांढरे ओघळ साचलेत ते त्याचेच. जानेवारीत हेच ओघळ मी पक्ष्यांच्या नावावर जमा केले असते. भिंत बाहेरून शाबूत दिसते आणि आतून पोकळ होत जाते, ती ही अशी.

पोलरायझर (चमक कापणारी फिल्टरकाच) लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे काढलं. लावला की ओल्या दगडावरची चमक जाते, रंग खरा येतो, पण दीडेक स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड जातो. काढला की चमक येते आणि वाहत्या पाण्याची रेघ त्या चमकेमुळेच दिसते. म्हणजे सुंदर फोटोला पोलरायझर, उपयोगाच्या फोटोला नको.

पोर्तुगीजांना इथे कोट बांधायची परवानगी निजामशहाने १५२१ मध्ये दिली. त्याआधी १५०८ मध्ये, याच कुंडलिका नदीच्या मुखाशी, इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांना झोडपलं होतं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. ती लढाई मार्चमधली. या दिवसांत या मुखातून गलबत घालायची कोणाची छाती झाली नसती. समोर कोर्लईचा डोंगर मिनिटभर दिसतो, मिनिटभर नाहीसा होतो, आणि मधलं पाणी चहाच्या रंगाचं आहे.

कोर्लईचा एक फोटो घेतला, दिसला तेव्हाचा. दिसेनासा झाला तेव्हाचाही घेतला. दुसरा जास्त बरा आहे असं मित्राचं मत. छत्रीवाल्यांची मतं वाढत चालली आहेत.

पावणेबाराला पाणी वळलं, आम्हीही वळलो.

१३ जुलै, शनिवार, दुपार आणि संध्याकाळ (कोटाच्या आत)

रेवदंड्याचा कोट बघायला जाणारा माणूस आधीच कोटाच्या आत असतो, हे इथलं वैशिष्ट्य. डांबरी रस्ता तट भेदून आत शिरतो, आणि जिथे चौलचं पोर्तुगीज शहर होतं तिथे आता वाड्या आहेत. चर्च आणि मठांचे अवशेष नारळाच्या सावलीत, कोणाच्या ना कोणाच्या कुंपणात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला पाय निखळला. १७४० च्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. शहर रिकामं झालं आणि मातीने ते ताब्यात घेतलं.

दरवाजावरची पोर्तुगालच्या राजचिन्हाची ढाल आज नीट वाचता आली. कोरड्या दिवशी ती राखाडीत राखाडी असते. भिजल्यावर खाचांमध्ये पाणी साचलं, उठावाच्या कडा चमकल्या, आणि ढालीतल्या लहान ढाली वेगळ्या दिसल्या. इथे पोलरायझर मुळीच नको.

डॉमिनिकन चर्चच्या अवशेषात छप्पर नाही, जमिनीवर गवत गुडघाभर. भाचीने गवताकडे पाहिलं नाही, डबक्यांकडे पाहिलं. एका ठिकाणी पाण्याची कड सरळ रेषेत संपत होती. अशी सरळ कड मातीला येत नाही, खाली फरसबंदी असणार. तिने पावलं टाकून लांबी घेतली, मी वरून फोटो घेतला. उकरायला आम्ही कोणी नाही, पण पुढे कोणी अभ्यासक आला तर ही रेघ कुठे शोधायची हे त्याला सांगता येईल.

सातखणी बुरूज म्हणजे फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. नाव सात खणांचं, वरचे मजले कधीच ढासळले. तो उभा आहे त्या वाडीचे मालक घोंगडी पांघरून पडवीत बसले होते. "काका, आत येऊ का? जानेवारीत आलो होतो." "या की. तेव्हा तुम्ही वर बघत होता. आता खाली बघून चाला, कातळ निसरडा आहे."

मनोऱ्याच्या कडेला पिंपळ फुटला आहे. जानेवारीत तो निष्पर्ण होता, काटकीसारखा, फोटोत लक्षातही आला नव्हता. आता पानांनी भरलेला, पावसात लकलकतो, आणि फोटोत सगळ्यांत देखणी गोष्ट तीच आहे. याचाच मला राग येतो. पावसाळी किल्ल्यांचे जे फोटो लोकांना आवडतात त्यांतली निम्मी हिरवळ म्हणजे भिंतीचा आजार असतो. पिंपळ, वड, उंबर यांचं बी पाखरांच्या विष्ठेतून सांध्यात पडतं, चुन्याच्या ओलीवर रुजतं आणि मूळ जाडावलं की दगड ढकलतं. वरून तोडलं तर आतलं मूळ पुन्हा फुटतं. हे झाड कसं काढायचं हा त्या विषयातल्या माणसाचा प्रश्न. माझं काम इतकंच की ते जानेवारीत केवढं होतं आणि जुलैत केवढं आहे हे एका चौकटीत दाखवणं. भाची शेजारी मोजपट्टी धरून उभी राहिली म्हणून देखणेपणा जरा कमी झाला, ते बरंच झालं.

काकांची तक्रार वेगळी होती. पोफळीच्या एका ओळीत पाणी साचून राहतं आणि कोळेरोग तिथेच आधी लागतो. सुपाऱ्या सडून गळतात. बोर्डो मिश्रण फवारलं, घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. उघडीप नसेल तर फवारलेलं धुऊन जातं. "पाणी येतं कुठनं तेच कळत नाही. पाट तर मी बुजवला." आम्ही सगळे मिळून पोफळीत उभे राहिलो आणि बघत बसलो. मग मनोऱ्याच्या पायथ्याकडून एक फोटो घेतला, वाडीचा उतार पूर्ण येईल असा. मूळ यादीत हा फोटो नव्हता.

विहिरीच्या काठाला दोन घडीव दगड आहेत, एकावर नक्षीची अर्धी वेल. चर्चचे असावेत. काका त्यांच्यावर पाय घासतात.

परतताना शाळेच्या आवारातला अफनासी निकितीनचा स्मृतिस्तंभ बाहेरूनच पाहिला. त्वेरचा हा रशियन व्यापारी होर्मुझकडून समुद्रमार्गे, १४७० च्या आसपास, चौलला उतरला. विकायला एक घोडा आणला होता. चौलहून पाली करत तो जुन्नरला पोहोचला आणि तिथे पावसाळ्यात अडकला. त्याने लिहून ठेवलंय ते मजेदार आहे: इथला हिवाळा सुरू झाला, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि लोक याच काळात नांगरतात-पेरतात. थंडीऐवजी पाणी पडणारा हिवाळा त्याने पहिल्यांदाच पाहिला असणार. त्याच्या आधी साडेपाचशे वर्षं, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, बगदादचा अल-मसूदी याच चौलला आला होता. तो गावाला सैमूर म्हणतो. टॉलेमीच्या नोंदीत सिमुल्ला. इतकं जुनं बंदर, आणि आज बंदर म्हणून दाखवायला चिखलात रुतलेल्या होड्या.

सिनेगॉगपाशी थांबलो, आत गेलो नाही. शनिवार. बेने इस्रायली मंडळी इथे तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. फोटोही नाही काढला.

रात्री चिंबोऱ्यांचा रस्सा होता. कॅमेऱ्याच्या नोंदी जेवणानंतर करायच्या ठरल्या होत्या, त्या सकाळी केल्या.

१४ जुलै, रविवार

पहाटेपासून धो-धो. ओहोटी सव्वाबाराला, पण आज वाळूवर जायचं नव्हतंच.

सकाळी रामेश्वर. समोरची पुष्करणी काठोकाठ, पायऱ्यांपैकी वरच्या एकदोनच उरलेल्या. जानेवारीच्या फोटोत पायऱ्यांचा उतरता जिना हाच विषय होता. आज त्या जागी करडं सपाट पाणी, त्यावर थेंबांची वर्तुळं. तरी जोड जमली, कारण डाव्या काठावर पाणी आत येण्याची वाट आज चालू होती आणि जानेवारीत ती नुसती दगडातली एक खाच होती.

देवळात तीन कुंडं आहेत: पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. पावसाने दडी मारली, दुष्काळ पडायची वेळ आली की पर्जन्यकुंड उघडायचं, अशी इथली श्रद्धा आणि रीत. एरवी ते फरशीखाली झाकलेलं असतं. बाहेर आभाळ फाटलेलं असताना बंद कुंडाच्या फरशीचा फोटो घेण्यात काय अर्थ, असं मित्राने विचारलं. मला तो या दोन दिवसांतला सगळ्यात खरा फोटो वाटतो. जे गाव आज पावसाने बुडतंय त्याच गावाने पाऊस न येण्याची तजवीज देवळाच्या जमिनीत करून ठेवली आहे. पुजाऱ्यांना विचारून, फ्लॅश न वापरता, दाराच्या उजेडात काढला. शटर १/१५, खांबाला टेकून.

चौलमध्ये म्हणे तीनशेसाठ देवळं आणि तितकीच तळी होती. मोजायला कोणी बसलेलं नाही, पण पाखाड्यांतून हिंडलं की आकड्याचा फारसा संशय येत नाही. दर दोन वळणांवर एक तळं. सगळी भरलेली. पावसाळी पाणी धरून ठेवायचं आणि आठ महिने वाड्यांना पाजायचं, रहाटाने उपसून पाटाने सोडायचं. अष्टागरच्या बागा अशा उभ्या राहिल्या. तळ्यांचे फोटो वेगळा विषय आहे, इथे भरकटायला नको.

साडेदहाला साळावच्या पुलावरून पलीकडे, कोर्लई. किल्ल्याची टेकडी समुद्रात घुसलेली चिंचोळी जीभ. निजामशाही बांधकाम पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकून घेतलं आणि चौलच्या मुखावरचा पहारा आपल्या हातात ठेवला. दीपगृहाकडून वर जाणारी वाट आज ओढा झाली होती आणि वाऱ्याने छत्री उलटी केली. वर जायचं नाही, हे ठरायला कोणालाही बोलावं लागलं नाही. किल्ल्याच्या जोडफोटोंच्या जागी मोकळी चौकट ठेवावी लागेल.

मग गावात हिंडलो. चर्चमधली प्रार्थना सुटून लोक घरी चालले होते. १७४० ला पोर्तुगीज सत्ता गेली, पण इथली ख्रिस्ती वस्ती राहिली, आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणाची त्यांची बोली आजही घरात बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर असतील. एका पडवीत पावसापासून आसरा घेतला. आजी आमच्याशी मराठीत बोलत होत्या, मध्येच वळून नातवाला त्या बोलीत दटावत होत्या. शब्द कळले नाहीत, अर्थ मात्र तिघांनाही पोहोचला. त्यांचा फोटो मागितला नाही. पडवीबाहेर पागोळ्यांच्या रांगेचा घेतला, त्यामागे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, निळ्या ताडपत्र्या, झापांचं आच्छादन.

आजींनी एक गोष्ट सांगितली ती नोंदवून ठेवतो. किल्ल्यावरची वाट कुठे खचली हे गावात ऐन पावसात कोणी वर न जाता सांगतं. खाली येणाऱ्या पाण्याचा रंग बदलतो. नुसतं गढूळ असेल तर माती, पांढुरकं असेल तर चुना, म्हणजे बांधकाम सुटलं. काल तटाच्या सांध्यातून जे बघायला आम्हाला सकाळ खर्चावी लागली ते इथे उंबऱ्यावरून दिसतं.

परतीच्या वाटेवर आक्षीला थांबलो. शिलालेख ओला होता, टॉर्च तिरपी धरली, वर कोरलेले सूर्य-चंद्र आणि खालच्या ओळी लख्ख उठल्या. चारपाच फोटो. मग वडखळ, आणि पुन्हा तेच मत.

१७ जुलै, बुधवार (आषाढी)

सुट्टी आणि उपवास, दोन्ही सत्कारणी. रॉ फाईली निवडल्या.

व्हाईट बॅलन्सवरून भाचीशी वाद. पावसातले फोटो कॅमेरा निळसर करतो. तिचं म्हणणं, निळे ठेव, पाऊस वाटतो. माझं म्हणणं, दगडाचा रंग जानेवारीशी जुळला पाहिजे, नाहीतर ओला दगड आणि कोरडा दगड यांतला फरक कॅमेऱ्याचा की पाण्याचा हे कळणार नाही. दोन्ही दिवशी करड्या कार्डाचा फोटो घेतला होता, त्यावरून जुळवलं. फोटो कमी 'पावसाळी' झाले. ती नाराज आहे, पण मापं तिनेच घेतलीत, तेव्हा पटलंही आहे.

गाळलेले: धुक्यातला कोर्लई, दोन्ही. समुद्राच्या लाटा, सगळ्या. नारळाच्या झावळीवरचे थेंब. हे फोटो कुठल्याही गावचे असू शकतात.

ठेवलेले: सांध्यातली धार, तिच्या जानेवारीच्या जोडीसकट. राजचिन्हाची ढाल. चर्चमधलं सरळ कडेचं डबकं. पिंपळ. पुष्करणीतली पाण्याची वाट. पर्जन्यकुंडाची झाकलेली फरशी, हिला जोड नाही, एकटीच राहील. आक्षीचा लेख या संचात बसत नाही, तरी ठेवला. प्रकल्प माझा आहे.

पिंपळाच्या जोडीत मोजपट्टीवरून फांदीची लांबी काढायचा प्रयत्न केला. जानेवारीच्या फोटोत पट्टी नाही, पण मागच्या दगडांचे थर दोन्हीकडे तेच आहेत, ते मोजमाप म्हणून चालले. फांदी एका थराच्या उंचीने पुढे आली आहे. मूळ किती आत गेलं ते फोटो सांगत नाही.

२८ जुलै, रविवार

ओळी लिहून झाल्या. प्रत्येक जोडीखाली तारीख, वेळ, पाऊस चालू की थांबलेला, आणि पाणी कुठून कुठे जातंय हे एका वाक्यात. इतिहास फक्त जिथे त्या दगडाशी संबंध आहे तिथे. १५०८ ची लढाई त्यामुळे बाहेर गेली, मित्र हळहळला.

पुढचा फेरा ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, आणि तेव्हा कोर्लईचा किल्लाही. तटाच्या त्या सांध्यातून तेव्हाही पाणी येत असेल तर भरीत बरंच साठलेलं असणार, कोरडा असेल तर वाट मोकळी आहे. दोन्हीपैकी काय ते तेव्हा लिहायचं. तटाच्या धारेचे आणि पिंपळाचे फोटो, जागेच्या नकाशासह, पुरातत्त्व खात्याला टपालाने पाठवायचे आहेत. पाकीट तयार, पत्राचा मसुदा भाची करते आहे.

सातखणीच्या काकांना वाडीच्या उताराचा फोटो मोबाईलवर पाठवला होता. त्यांचा आज फोन आला. फोटो बघून त्यांच्या मुलाने दाखवलं की पाणी पाटातून येतच नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी जुन्या भिंतीची एक ओळ मातीत आडवी गाडलेली आहे, तिच्या कडेकडेने ते थेट पोफळीच्या त्या ओळीत उतरतं. फोटोत ओली रेघ चमकते आहे, मी पाहिलीच नव्हती. भिंतीला हात लावायचा नाही, ते संरक्षित आहे, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते अलीकडे, वाडीच्या बाजूने चर काढणार म्हणतात. "तेवढा फोटो मोठा करून पाठवा. मोबाईलवर मला दिसत नाही, आणि गड्याला रेघ दाखवावी लागेल."

बारा बाय अठराचा प्रिंट उद्या टाकायचा. मॅट कागद, चमकणारा नको, पडवीत उजेड समोरून येतो.